पिनीला बांधलेला नाडा

सुरुवातीलाच क्षमा मागते. तेहतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. मुलांच्या वह्यांतील चुकांना लाल शाईने गोल करणे एवढाच काय तो माझा लेखनाशी संबंध. स्वतःबद्दल काही लिहावे आणि ते अनोळखी माणसांनी वाचावे, ही कल्पना मला अजूनही उद्धटपणाची वाटते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला म्हणून कोणी लेखक होत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही एक गोष्ट अशी आहे की जी मी घरातही पूर्ण सांगितलेली नाही, आणि न सांगता ठेवणे आता जमत नाही. वाचकांनी ती एका भित्र्या स्वभावाच्या बाईची कबुली म्हणून वाचावी. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

रिसोडजवळ आमचा मळा आहे. वांगी, मेथी, टोमॅटो, हंगामात काकडी. माझे यजमान आयुष्यभर हा भाजीपाला बाजारात नेत आले, आणि त्यासाठी त्यांच्याकडे बंद बॉडीचा एक टेम्पो होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवीन गाडी घेतली. जुनी विकायची की ठेवायची, यावर घरात बरेच दिवस बोलणे चालले होते. एक दिवस ते जेवताना सहज म्हणाले की जुन्या गाडीत पलंग बसवू, शेगडी बसवू, आणि मायला फिरवू.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, डोके तल्लख, गुडघे मात्र पूर्ण गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढता येत नाही, जीपमध्ये पाय दुमडून बसता येत नाही. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, कारंजा लाडला राहते. तिच्याकडे जाऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. व्हिडिओ कॉलवर त्या मुलीशी बोलत, पण बोलून झाल्यावर फोन मांडीवर पालथा ठेवून दाराकडे बघत बसत. हे यजमानांनी पाहिले होते. गाडीची कल्पना तिथून आली होती, आणि म्हणूनच मला तिला विरोध करता येईना.

विरोध करता आला नाही, म्हणून मी घाबरायला लागले.

घाबरणे हा माझा जुना उद्योग आहे. झोपण्यापूर्वी गॅसचे बटण मी तीनदा पाहते. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवताना मुलींना वेण्या मागे बांधायला लावत असे, आणि तरीही तास संपेपर्यंत माझे लक्ष त्या वेण्यांवरच असे. आग लागायला इंधन, हवा आणि उष्णता ही तीन लागतात, हे मी इतक्या वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिले असेल ते सांगता येणार नाही. आता माझ्याच अंगणात एका पत्र्याच्या खोलीत ही तिन्ही एकत्र यायची होती, आणि त्या खोलीत एक म्हातारी बाई असणार होती जिला पटकन उठता येत नाही.

गाडीची रचना सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मागच्या बाजूला आडवा पलंग. मध्ये डाव्या हाताला दार, त्याला दोन पायऱ्या. दाराच्या समोर, उजव्या बाजूला, ओटा आणि त्यावर दोन बर्नरची शेगडी. गॅसचे लहान सिलिंडर ओट्याखाली, वेगळ्या पत्र्याच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला गाडीच्या बाहेरून उघडणारी झडप. ही झडप यजमानांच्या डोक्यातून निघाली होती. गाडीला मागचेही दार होते आणि ते आतून उघडावे म्हणून मी कडी बसवून घेतली होती, पण तिथून खाली उडी मारावी लागे. सासूबाईंसाठी बाहेर पडण्याची वाट एकच होती, ती म्हणजे बाजूचे दार. ही गोष्ट मला दिवसरात्र टोचत असे.

मी यादी केली. अग्निशामक, धुराची घंटी, काच फोडायची हातोडी, प्रथमोपचाराची पेटी, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, विजेरी, आगीवर टाकायची अग्निरोधक चादर. चादर वाशीमलाही मिळाली नाही; मागवली होती, ती यायची होती. अग्निशामक मात्र मी स्वतः वाशीमला जाऊन आणला. दुकानदार समजूतदार होता. त्याने मला चार कृती करून दाखवल्या: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, एक ध्यानात ठेवा. दार नेहमी आपल्या पाठीशी पाहिजे.” मी ते वहीत लिहून घेतले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

धुराची घंटी पलंगाच्या वर बसवली. पहिल्याच दिवशी अंगणात उभ्या गाडीत मी वरणाला फोडणी दिली आणि ती अशी किंचाळली की गोठ्यातली गाय उभी राहिली. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, “घ्या. आता घरात दोन सासवा झाल्या. ही तं फोडणी देली तरी वरडते. मी तं कदी बोलली नाही तुले.” यजमान हसून हसून खाली बसले. मी घंटीची बॅटरी काढू दिली नाही.

मग मी सराव सुरू केला. पलंगावरून उठायचे, भिंतीच्या दांडीला धरायचे, चार पावले चालायचे, दोन पायऱ्या उतरायच्या, जमिनीला पाय लावायचा. सासूबाई आकडे स्वतः मोजत, कारण त्यांच्या मते मास्तरीण बाई लबाडीने हळू मोजते आणि मग म्हातारीला शाबासकी देते. पहिल्या वेळी त्या जमिनीवर पोचेपर्यंत सत्तर झाले. दुसऱ्या आठवड्यात चाळीस. दसऱ्यापर्यंत आम्ही पंचविसावर आलो होतो. मी त्यांना नियमही पाठ करून घेतले होते. घंटी वाजली की काही गोळा करत बसायचे नाही. चपला शोधायच्या नाहीत. जो अग्निशामक चालवत असेल त्याच्याशी बोलायचे नाही, त्याचे लक्ष उडवायचे नाही. हा शेवटचा नियम मला विशेष महत्त्वाचा वाटत असे, कारण माझे लक्ष पटकन उडते.

“काहून एवढी भेऊन राह्यली वो?” असे त्या मला एकदा म्हणाल्या. 

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. खुरपी, विळे, तराजू, फवारणीचा पंप, पाण्याची मोटर, गाड्या, सगळ्यांना धुऊन-पुसून हळदीकुंकू लावतात, झेंडूचे फूल वाहतात आणि पूजेचा लाल-पिवळा नाडा बांधतात. ज्याच्यावर पोट चालते आणि ज्याच्यावर जीव अवलंबून असतो, त्याला त्या दिवशी काम सांगायचे नाही. नवीन वस्तू घरात आली असेल तर तिचा मान पहिला. त्या वर्षी नवीन वस्तू अग्निशामक होता. सासूबाईंनीच तो पाटावर ठेवायला सांगितला. लाल रंगाचे ते नळकांडे हळदीकुंकवाची बोटे लावून खरोखर देवासारखे दिसू लागले होते.

नाडा मी बांधला. मानेभोवती एक वेढा घालून गाठ मारली असती तर पुरे होते. पण नाडा हातात असताना माझ्या मनात आले की आपले रस्ते कसे आहेत, गाडी किती आदळते, आणि ही पिन केवढी बारीक आहे. ती धक्क्याने निसटली आणि नळकांडे भलत्या वेळी सुटले तर आतली सगळी पूड सासूबाईंच्या नाकातोंडात जाईल. पिनीला दुकानातले प्लास्टिकचे सील होते, ते त्यासाठीच असते, हेही मला माहीत होते. तरी मी नाडा पिनीच्या कडीतून घेतला, मुठीभोवती फिरवला, पुन्हा कडीतून घेतला. असे सात वेढे. वर दुहेरी गाठ, आणि गाठीवर ओल्या हळदीकुंकवाचे बोट. सगळ्यांना ती भक्ती वाटली. नमस्कार करून मी तो दाराजवळच्या हुकाला परत टांगला.

पूजेचा नाडा आपण सोडत नाही. तो आपोआप झिजून गळून पडेपर्यंत राहू देतात. त्यामुळे तो तसाच राहिला, आणि ती गाठ ऊन खाऊन वाळत गेली.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी आम्ही कारंज्याला निघालो. निघण्यापूर्वी मी सगळी यादी तपासली. गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. नव्हते. अग्निशामकाच्या काट्याकडे पाहिले, तो हिरव्या भागात होता. नाड्याकडे मी पाहिले असणारच, पण मला तो दिसला नाही.

भांडण झाले ते भाजीवरून. यजमानांनी दारातल्या मोकळ्या जागेत मेथीचे आणि वांग्यांचे कॅरेट ठेवले होते. भाजीवाल्याची गाडी रिकामी जात नाही, आणि बहिणीकडे तर नाहीच. मी ठामपणे सांगितले की दाराच्या वाटेत एक जुडीही चालणार नाही. त्यांनी कॅरेट उचलले आणि पुढे स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवले. मेथी कोमेजू नये म्हणून वर भिजवलेले पोते टाकले. मग मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या सीटवर मेथी बसली. तुमी मांगं बसा.” मला मागेच बसायचे होते.

मालेगाव मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती, कुठे मळणीयंत्राची धूळ उडत होती. सासूबाई खिडकीतून बघत होत्या आणि कोणाचे पीक कसे आले आहे ते मला सांगत होत्या. मी त्यांचे ऐकत होते आणि ओट्याखालच्या कप्प्याकडे पाहत होते. प्रत्येक खड्ड्याला भांडी वाजत.

किन्हीराजाच्या अलीकडे दुपारी चारच्या सुमारास गाडी एका कडुलिंबाखाली थांबवली. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही, हा माझाच नियम. सासूबाईंना चहाची वेळ झाली होती. यजमान उतरले, टायर पाहिले आणि पाय मोकळे करायला रस्त्यापलीकडे गेले. मी शेगडी पेटवली, पाणी ठेवले, आणि साखरेचा डबा काढायला वळले.

ते किती लहान होते, हे सांगितले पाहिजे. शेगडीच्या मागे, जिथे रबरी नळी जोडलेली असते, तिथे एक पिवळी जीभ दिसली, बोटभर उंच. धक्क्यांनी तिथली क्लिप सैल झाली असावी. निघताना बुडबुडे नव्हते. त्यानंतर मी पाहिले नव्हते. मी बघत असतानाच त्या जिभेने खिडकीचा पडदा पकडला, आणि पडदा एका दमात वरपर्यंत गेला. घंटी किंचाळायला लागली.

मी सगळे बरोबर केले. हे मी उपहासाने म्हणत नाही. मी ओरडले नाही. अग्निशामक हुकावरून काढला, दोन पावले मागे गेले, दार पाठीशी घेतले, दाराच्या चौकटीत घट्ट उभी राहिले आणि पिन ओढली.

पिन आली नाही.

मी पुन्हा ओढली. तेव्हा मला नाडा दिसला. मी नखांनी गाठ उकलायला लागले. हळदीकुंकवाने ती चिंचोक्यासारखी कडक झाली होती. मी वेढे सरकवून पाहिले, ते सरकेनात, कारण बांधणाऱ्याने ते सरकू नयेत म्हणूनच बांधले होते. मी दातांनी धरून पाहिले. तोंडात कुंकवाची चव आली. त्या वेळात माझ्या जगात फक्त ती गाठ होती. घंटी ऐकू येत होती, प्लास्टिकचा वास येत होता, पण ते सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी घरात चालले आहे असे वाटत होते.

मग अगदी जवळून, नेहमीच्या आवाजात, सासूबाई म्हणाल्या, “बाई, दारातून बाजूले हो. मले उतरू दे.”

मी मान वर केली. त्या माझ्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. एक हात दांडीवर, दुसऱ्या हाताने पदर नाकाशी. शिकवल्याप्रमाणे उठल्या होत्या, शिकवल्याप्रमाणे चार पावले चालल्या होत्या, आणि पुढे वाट नव्हती, कारण वाटेत मी होते. त्यांच्या उजव्या खांद्यामागे पडदा जळत होता.

मी पायरीवरून मागे उतरले, जवळजवळ पडलेच. त्या उतरल्या. एक पायरी, दुसरी पायरी, जमीन. मी त्यांचा हात धरलासुद्धा नाही. माझ्या दोन्ही हातांत ते नळकांडे होते.

घंटी ऐकून यजमान रस्त्यापलीकडून धावत आले होते. त्यांनी बाहेरची झडप उघडून रेग्युलेटर बंद केला, मग पुढचे दार उघडून मेथीवरचे ओले पोते ओढले आणि आत शिरून आधी पडद्यावर, मग शेगडीवर दाबले. वाफ निघाली. झाले. एक पडदा, साखरेचा डबा आणि ओट्याचा एक कोपरा, एवढेच जळाले.

शेजारच्या शेतात सोयाबीन सोंगणारा एक माणूस पाठीवर पाण्याने भरलेला फवारणीचा पंप घेऊन धावत आला. आग विझलेली पाहून त्याला हायसेही वाटले आणि थोडा हिरमोडही झाला असावा. त्याने माझ्या हातातल्या नळकांड्याकडे, त्यावरच्या हळदीकुंकवाकडे निरखून पाहिले आणि विचारले, “याची पूजा केली काय?”

यजमान म्हणाले, “केली ना भाऊ. म्हून तं त्यानं सुट्टी घेतली.”

दोघे हसले. त्या माणसाने कमरेचा विळा काढून एका झटक्यात नाडा कापला. पिन लगेच हलली. मी ती पुन्हा नीट बसवली. मग त्याने आम्हाला आपल्या शेतातल्या झोपडीत नेऊन चहा पाजला. सासूबाई पालथ्या कॅरेटवर बसून त्याच्याशी सोयाबीनच्या उताऱ्याबद्दल बोलल्या. मी म्हणाले, परत फिरू या. यजमानांनी मायकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “सहा वर्सं झाले. कायले परत फिरू?” आम्ही कारंज्याला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. माय-लेकी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मेथी थोडी कोमेजली होती.

तेव्हापासून ही गोष्ट घरात आणि पाहुण्यांत सांगितली जाते ती नाड्याची गोष्ट म्हणून. सुट्टीवर गेलेल्या देवाची. यजमान ती छान सांगतात. त्या गोष्टीत दार येत नाही. मी दारात उभी होते, हे त्यांना माहीत नाही. ते आले तेव्हा आम्ही दोघीही खाली होतो. त्या प्रवासातून परत आल्यावर धुवायला टाकलेल्या सासूबाईंच्या लुगड्याच्या पदराला मला एक तपकिरी भोक दिसले, पावलीएवढे. दुसऱ्या दिवशी पाहिले तर सासूबाईंनी तो काठ आत दुमडून टाका घातला होता.   गाडीने आम्ही नंतर आणखी तीनदा कारंज्याला गेलो. अग्निरोधक चादर आली, ती ओट्याजवळ लटकते. गॅसची नळी मी आता निघताना आणि पोचल्यावरही पाहते. भीती कमी झाली असे म्हणता येणार नाही. पूर्वी ती आगीची होती. आता ती माझ्या स्वतःच्या हातांची आहे.

या दसऱ्याला पुन्हा पाट मांडला. खुरपी, तराजू, पंप, आणि लाल नळकांडे. सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू लावले, नाडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बांध. खाली बुडाले बांध.” मी नळकांड्याच्या तळाशी एक सैल वेढा घातला.  यजमान बाहेर गाडी धूत होते. मी प्रथमच विचारले, “आई, त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर किती वेळ उभ्या होत्या?”

त्या फुलांच्या टोपलीतून झेंडू निवडत होत्या. म्हणाल्या, “मी मोजत होती. पंचविसावर खाली पाय टेकाचा ना? अकरावर मी तुयाजवळ आली. मंग थांबली. चाळीसलोक मोजलं.”

“आधीच का नाही म्हणालात?”

“तूच शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “जो चालवते त्याच्याशी बोलाचं नाही.”

त्यांनी फूल नळकांड्यावर ठेवले आणि हात जोडले. मीही जोडले. पण मी देवाला काही मागितले नाही. मी अकरापासून चाळीसपर्यंत मनात मोजत होते. ते फार वेळ चालते. कोणीही डोळे मिटून मोजून पाहावे.

वाचकांना उपदेश करण्याची माझी पात्रता नाही, हे वर सांगितलेच आहे. एवढेच विचारते: तुमच्या घरात किंवा गाडीत जो अग्निशामक टांगलेला आहे, त्याची पिन मोकळी आहे का, हे तुम्ही शेवटचे केव्हा पाहिले?